हरणाचा खिमा घरीच काढायचाय, बर्गरसाठी. मशीन कुठलं घ्यावं?

मोकळं_रान
मंडळी, यंदाच्या सीझनला हरणाचं बरंच मटण घरात येणारे. (आधीच सांगून टाकतो, रीतसर परवाना काढून आणि जिथे कायद्याने चालतं तिथेच. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे हे माहितीये, त्यावरचा वाद इथे नको प्लीज.) इतके दिवस बाहेर कापायला द्यायचो, पण तिथे सगळ्यांची हरणं एकाच मशीनमधून जातात आणि आपल्या पाकिटात नक्की कोणाचं मटण आलंय ते देव जाणे, म्हणून या वेळी सगळं घरी करायचं ठरवलंय. मांड्या आणि पाठीचे चांगले तुकडे तसेच ठेवणार, बाकी खांदे, मान, बरगड्यांमधलं किडूकमिडूक याचा खिमा करून बर्गर. तर प्रश्न असे की हाताने फिरवायचं मशीन पुरेल का विजेचं घेऊ, ५, ८, १२, २२ हे जे नंबर असतात ते काय प्रकरण आहे, आणि चरबी कुठली किती घालायची? घरात स्टँड मिक्सर आहे, त्याला खिम्याची जोडणी मिळते म्हणे, तेवढ्यावर भागेल का?

अडकित्ता
किती मटण ते सांगा आधी. त्याशिवाय मशीन कसं सांगणार?

मोकळं_रान
एका बैठकीला साधारण १०-१२ किलो खिमा निघेल असा अंदाज. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा.

कातळ
मग ऐका. तो नंबर म्हणजे जाळीचा, म्हणजे खिमा जिच्यातून बाहेर येतो त्या भोकं पाडलेल्या पोलादी चकतीचा साइज असतो. ५ नंबरची साधारण ५४ मिमी व्यासाची, ८ची ६२ च्या आसपास, १२ची ७०, २२ची ८२ आणि ३२ची १०० मिमी. नंबर वाढला की नुसती जाळी मोठी होत नाही तर मटण ढकलणारा स्क्रू आणि वरचं तोंडही मोठं होतं, आणि खरा फायदा तिथे आहे, कारण लहान तोंडाच्या मशीनला मटणाचे बारीक चौकोन करत बसावं लागतं आणि २२ ला हाताएवढी लांब पट्टी सोडली की ती स्वतःच ओढून घेते. म्हणजे मशीन मोठं घेतल्यावर वेळ वाचतो तो दळण्यातला कमी आणि सुरीने कापण्यातला जास्त, हे कोणी दुकानात सांगत नाही.

तुमच्या १०-१२ किलोला ८ नंबर पुरेल, १२ आरामात होईल. २२ ला ओट्यावर जागा लागते, उचलताना कंबर लागते, आणि वर्षातले अकरा महिने ते माळ्यावर पडून राहतं.

दुसरं म्हणजे वॅटच्या आकड्याला भुलू नका. खोक्यावर '३००० वॅट' लिहिलेलं असतं, १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे चार हॉर्सपॉवर झाली की राव, एवढी ताकद ओट्यावरच्या एवढ्याशा डब्यात बसेल का विचार करा. तो आकडा मोटर पूर्ण अडकल्यावर क्षणभर जेवढी वीज खेचते त्याचा असतो. सलग चालवायचं रेटिंग बारीक अक्षरात मागे चिकटवलेलं असतं, ते वाचा. आणि गिअर कसले आहेत ते विचारा, धातूचे का नायलॉनचे. आता नायलॉन म्हणजे लगेच वाईट असं नाही, काही मशीनमध्ये एक प्लॅस्टिकचा कपलर (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) मुद्दाम कमजोर ठेवतात म्हणजे हाड अडकलं तर तो तुटतो आणि मोटर वाचते. पण मग तो तुकडा सुटा विकत मिळतो का हे मशीन घ्यायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

पोळपाट
स्टँड मिक्सरची जोडणी आहे माझ्याकडे, धातूची. दोन-तीन किलोला एक नंबर. मिक्सर आहेच घरात तर आधी तेवढंच घेऊन बघा की. फक्त १२ किलो एका दमात करायचे म्हटलं तर मिक्सर चांगलाच तापतो, मधेमधे थांबवून गार होऊ द्यावा लागतो, आणि तेवढ्यात इकडे मटण गरम व्हायला लागतं. प्लॅस्टिकची जोडणीही मिळते पण धातूचीच घ्या, फ्रीझरमध्ये ठेवली की ती गारठते आणि बराच वेळ गार राहते.

झणझणीत
हाताचं घ्या हो हाताचं! बिडाचं, कल्हईसारखा टिनचा मुलामा दिलेलं, टेबलाच्या कडेला आवळायचं. मोटर नाही, गिअर नाही, बिघडायला काही नाहीच. आज्याच्या काळातलं मशीन नातू वापरतो अशी घरं आहेत. मुलं फिरवायला तयारच असतात.

कातळ
@झणझणीत, मुलं पहिले दोन किलो तयार असतात. :D
मस्करी जाऊ द्या, हाताचं मशीन ५ किलोच्या आत खरंच उत्तम, हळू चालतं म्हणून मटण तापत नाही. पण हरणाच्या मटणात पांढरी चिवट चामडी फार, ती मशीनच्या पात्याला गुंडाळली की दर थोड्या वेळाने सगळं उघडून साफ करा, आणि एकाने टेबल धरा एकाने फिरवा, हे १२ किलोला करून बघा म्हणजे कळेल.

झणझणीत
चामडी नीट काढली तर गुंडाळत नाही. मशीनचा दोष नाही तो, आळशीपणाचा आहे.

अडकित्ता
हे मात्र १०० टक्के खरं. मला विचाराल तर या धाग्यात मशीनवर जेवढं लिहून झालं त्याच्या निम्मं तरी मटण तयार कसं करायचं यावर यायला पाहिजे, कारण वाईट खिमा बहुतेक वेळा महागड्या मशीनमधूनच बाहेर पडलेला बघितलाय. तर माझे दोन आणे, लांबेल जरा.

हरणाची स्वतःची चरबी सगळी काढून टाका. सगळी म्हणजे सगळी. ती मेणचट असते, वितळायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे बर्गर जरा निवला की ती टाळूला आणि ओठांना थर धरते, आणि 'हरणाला उग्र वास येतो' अशी जी तक्रार असते ना तिचा बराचसा भाग या चरबीतच असतो. फ्रीझरमध्येही खवट होते. चामडी, शिरा, रक्ताळलेला भाग, मांडीच्या आत आणि खांद्याखाली सापडणाऱ्या करड्या गाठी (लसिकाग्रंथी), सगळं बाजूला. नळीजवळचं फार चिवट मटण खिम्यात घालायचा मोह होतो, नका घालू, ते तासन्‌तास मंद शिजवायला ठेवा, तिथे ते सोनं होतं.

मग गारवा. मटण आणि चरबी दोन-अडीच सेंमीच्या तुकड्यांत कापून ताटात एका थरात पसरून फ्रीझरमध्ये, अर्धा ते एक तास, कडा कडक व्हायला पाहिजेत पण आतून बोट दाबलं तर दबायला पाहिजे. पूर्ण दगड झालेलं घालू नका, लहान मशीनची वाट लागेल. मशीनचं डोकं (ज्यात बाकीचे भाग बसतात तो पुढचा भाग), स्क्रू, पातं, जाळी हेही फ्रीझरमध्ये. खाली ज्या भांड्यात खिमा पडतो ते बर्फावर. हे सगळं कशाला, तर गरम झालेली चरबी कापली जात नाही, ती चेचली जाते आणि मटणभर लिंपली जाते. जाळीतून खिमा वेगवेगळ्या दोऱ्यांसारखा, लाल-पांढरा वेगळा दिसत पडला पाहिजे. टूथपेस्टसारखा गुलाबी चिकट गोळा यायला लागला की तिथल्या तिथे थांबायचं. एकतर मटण तापलंय, नाहीतर पात्यावर चामडी अडकलीये, नाहीतर पातं बोथट झालंय किंवा उलटं बसवलंय.

पातं उलटं बसवणं हे तर सगळ्यात कॉमन. पात्याची सपाट, धार असलेली बाजू जाळीकडे, म्हणजे बाहेर. उलटं बसवलं तरी मशीन चालतं, खिमाही पडतो, पण तो कापलेला नसतो, चुरडलेला असतो, आणि लोक मशीनला शिव्या देतात.

शंकासुर
जाळी कितीची? दोनदा काढायचा का एकदाच?

अडकित्ता
बर्गरसाठी मी आधी १० मिमी मग ४.५ मिमी. पहिल्या फेरीत मटणाचे दोन-तीन तुकडे मग चरबीचा एक असं आलटून पालटून टाकायचं म्हणजे आपसूक मिसळतं, आणि दोन फेऱ्यांच्या मधे परत वीस मिनिटं फ्रीझर. ३ मिमी बर्गरला नको, फारच पिठूळ होतं. काही लोकांना एकाच फेरीतला भरड बर्गर आवडतो, मग ६ ची जाळी घ्या, पण त्यात एखादी शीर दाताखाली येणार हे धरून चाला.

नीरक्षीर
चरबीच्या हिशोबात बहुतेक जण घोळ घालतात म्हणून लिहितो. हरणाच्या मटणात स्वतःची चरबी अगदी कमी, २-३ टक्के धरा, म्हणून बाहेरून घालावी लागते. '२० टक्के चरबी' म्हणजे तयार खिम्याच्या २० टक्के. ४ किलो मटणाला १ किलो चरबी, एकूण ५ किलो, त्यातली १ चरबी. पण लोक ४ किलोचे २० टक्के म्हणून ८०० ग्रॅम घालतात, ते प्रत्यक्षात साडेसोळाच्या आसपास पडतं. चालतं तेही, पण मग 'कोरडा का झाला' म्हणून विचारू नये.

आणि चरबी म्हणून काय घालताय त्यावर आकडा बदलतो. डुकराच्या पाठीची चरबी किंवा गोमांसाची चरबी असेल तर ती जवळपास निव्वळ चरबी, वरचा हिशोब चालेल. पण डुकराच्या पोटाचं मटण घेतलं तर त्यात साधारण निम्मंच चरबीचं असतं, मग ४ किलो हरणाला २ किलो ६७० ग्रॅमच्या आसपास पोटाचं मटण घालावं लागेल २० टक्क्यांसाठी, आणि तोवर ते हरणाचं बर्गर राहिलं का हा वेगळा विषय.

पोळपाट
आम्ही बेकनचे तुकडे घालतो. चव मस्त येते.

नीरक्षीर
बेकन छान लागतं, दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, ते खारट असतं, वरून मीठ बेतानेच. दोन, त्यातल्या नायट्राइटमुळे बर्गर पूर्ण शिजला तरी आतून गुलाबी दिसू शकतो, म्हणजे रंग बघून शिजलंय का ते ठरवता येत नाही, थर्मामीटर लागणारच.
गोमांसाच्या चरबीत मूत्रपिंडाभोवतीची जी कडक, भुसभुशीत असते ती घरात सहज दळली जाते पण खाताना थोडी मेणचट वाटते. छातीकडची जास्त चांगली. डुकराची सगळ्यात मऊ, बर्गर रसरशीत होतो.

शंकासुर
आणि ज्यांना दोन्ही चालत नाही त्यांनी काय करायचं?

अडकित्ता
मेंढीची चरबी चालते, वास तिचा वेगळा येतो पण वाईट नाही. नाहीतर अजिबात चरबी न घालता थंडगार लोणी किसून शेवटी हलक्या हाताने मिसळायचं, ते मशीनमधून काढायचं नाही. तेल घालू नका, शिजताना गळून जातं सगळं.

झणझणीत
फूड प्रोसेसर कोणी बोललंच नाही. ज्यांना वर्षातून एकदाच तीन किलो करायचंय त्यांनी कशाला मशीन घ्या? अर्धवट गोठलेले तुकडे, मूठ-दोन मूठच एका वेळी, आणि बटण दाबलं-सोडलं दाबलं-सोडलं असं आठ-दहा वेळा. सलग फिरवलं तर लगदा. दिसायला एकसारखा येत नाही, पण बर्गरला तो ओबडधोबडपणा उलट छान लागतो.

कातळ
+१. हे झणझणीतचं पहिलंच वाक्य ज्यावर मी सही करीन.

रानजाई
मी इतका वेळ नुसती वाचत होते, पण एक विषय राहतोय म्हणून लिहिते. गोळीचा भाग. शिशाची गोळी आत गेली की फुटते आणि तिचे कण जखमेपासून बरेच लांब पसरतात, डोळ्याला दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेत नॉर्थ डकोटात दान म्हणून आलेल्या हरणाच्या खिम्याचं स्कॅन केलं तर त्यात धातूचे कण सापडले आणि तिथल्या आरोग्य खात्याने अन्नदान केंद्रांना तो खिमा टाकून द्यायला सांगितलं होतं. खिम्यात हे जास्त वाईट कारण एका जागचे कण मशीन सगळ्या पाच किलोत वाटून टाकतं. तेव्हा जखमेभोवतीचं मटण सढळ हाताने कापून टाका, तिथे कंजूषपणा नको, लहान मुलं आणि गरोदर बायका खाणार असतील तर अजिबातच नको. तांब्याच्या गोळ्या वापरणारे या भानगडीतून बरेचसे सुटतात.

दुसरं तापमान. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बाहेरच्या बाजूला असतात, तव्यावर मरतात, म्हणून स्टेक आतून लाल चालतो. खिम्यात बाहेरचं आत गेलेलं असतं. हरणातही ई. कोलाय ओ१५७ असू शकतो, १९९५ साली ओरेगनमध्ये घरी वाळवलेल्या हरणाच्या मटणातून त्याची साथ झाली होती. त्यामुळे बर्गर मधोमध ७१ अंश सेल्सिअस, म्हणजे १६० फॅरनहाइट. अंदाजपंचे नको, थर्मामीटर कडेने आडवा घालून मधलं तापमान बघायचं.

मोकळं_रान
रानजाई ताई, धन्यवाद, हे डोक्यातच नव्हतं. आमच्या भागात हरणांच्या त्या झिजणाऱ्या रोगाचीही चर्चा असते, सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज). त्यासाठी मशीनच्या बाबतीत काही वेगळं करायचं का?

रानजाई
करायचं. तो प्रायॉनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा रोग आहे, १९६७ साली कोलोराडोत पहिल्यांदा लक्षात आला आणि आता अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत, कॅनडात, नॉर्वेतही आहे. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण ज्या हरणाची चाचणी पॉझिटिव्ह येईल ते खाऊ नका असाच सल्ला आहे, आणि शिजवून प्रायॉन मरत नाही. म्हणून जिथे रोग आहे तिथे चाचणीला डोकं किंवा गाठी द्यायच्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत मटण दळायचंच नाही, तुकडे करून नाव-तारीख लिहून फ्रीझरमध्ये. दोन हरणांचं मटण एकत्र दळू नका, एक पॉझिटिव्ह निघालं तर दोन्ही गेली. मणक्यातून करवत चालवायची नाही, हाडावरून मटण सोडवून घ्यायचं, मेंदू, मणक्यातला मज्जारज्जू, डोळे, पानथरी, टॉन्सिल आणि गाठी यांना हात लावायचा नाही.

मशीनसाठी: २०१९ मधल्या एका प्रयोगात घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात पाच मिनिटं बुडवून स्टीलच्या तारेवरचे प्रायॉन निष्क्रिय झाले होते. पण ब्लीच मटणाच्या तुकड्यात आत शिरत नाही, म्हणजे आधी घासून पुसून स्वच्छ, मग ब्लीच, मग भरपूर पाण्याने धुवा. हे स्टीलच्या भागांचं झालं. ॲल्युमिनियमला ब्लीच खातं, म्हणून घेतानाच डोकं आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्या.

कातळ
ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. स्वस्तातली मशीनं ॲल्युमिनियमच्या डोक्याची असतात आणि ती कोणीतरी डिशवॉशरमध्ये टाकतंच, मग काळी पडतात आणि हाताला करडी पूड लागते. बिडाचं मशीन तर टाकूच नका, गंजून जाईल. साफ करायच्या आधी शेवटी ब्रेडचे एक-दोन स्लाइस मशीनमधून घालवा, स्क्रूत अडकलेलं मटण बाहेर ढकललं जातं. मग गरम पाणी, साबण, बाटली घासायचा ब्रश, लगेच कोरडं पुसून खाण्याच्या दर्जाचं मिनरल ऑइल पात्याला आणि जाळीला. स्वयंपाकाचं तेल लावू नका, चिकट होतं आणि वास मारतं.

आणि पातं-जाळी जोडीने झिजतात. एका पात्याबरोबर एकच जाळी असं ठरवून खूण करून ठेवलं तर दोन्ही जास्त टिकतात. बोथट झाली तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून पाणी टाकून दोन्ही सपाट घासायची. १२ आणि २२ नंबरच्या सुट्या जाळ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्याही बऱ्याचदा बसतात, ८ मध्ये ती खात्री कमी, हेही एक कारण मी १२ कडे झुकतो त्याचं.

पोळपाट
बोटं घालू नका मशीनमध्ये, ढकलायला लाकडी दांडा असतो तो वापरा. आणि उलटं फिरवायचं बटण असलेलंच घ्या, अडकलं की जीव वाचतो.

शंकासुर
मीठ-मसाला दळतानाच घालायचा ना?

अडकित्ता
नको!! मीठ घालून मळलं की मटणातली प्रथिनं सुटून एकमेकांना चिकटतात आणि बर्गर सॉसेजसारखा रबरी होतो. सॉसेजला तेच हवं असतं, बर्गरला नको. बर्गर हलक्या हाताने थापायचा, दीडशे ग्रॅमचा, दोन सेंमी जाड, मधे अंगठ्याने खळगा, नाहीतर फुगून चेंडू होतो. मीठ-मिरी फक्त वरून, तव्यावर टाकायच्या अगदी आधी. बिडाचा तवा कडक तापलेला पाहिजे, आणि उलथन्याने दाबत बसू नका, आधीच रस कमी आहे त्यात.
अंडं, ब्रेडचा चुरा वगैरे चरबी नीट असेल तर लागत नाही.

झणझणीत
बारीक कांदा?

अडकित्ता
आधी परतून, पूर्ण गार करून. कच्चा घातला तर पाणी सोडतो आणि पॅटी तिथेच तुटते.

मोकळं_रान
सगळ्यांचे आभार. तर १२ नंबर, स्टेनलेस डोकं, धातूचे गिअर, उलट फिरायची सोय, १० आणि ४.५ च्या जाळ्या, एक जादा पातं असं बघतो. झणझणीत राव, तुमचं हाताचं नाही घेत, रागवू नका. शेवटचं एक, १२ किलो सगळं एकदम दळून फ्रीझ करू का?

झणझणीत
रागवायचं काय त्यात, लाइट गेली की आठवण काढा माझी. :)

नीरक्षीर
सगळं एकदम दळू नका. चरबी मिसळलेला खिमा उणे १८ ला तीन-चार महिने चांगला राहतो, पुढे चरबी खवट व्हायला लागते. नुसते साफ केलेले तुकडे हवा काढून पॅक केले तर बरेच जास्त टिकतात. म्हणून चार महिन्यांत संपेल तेवढंच आत्ता दळा, बाकी तुकडे चरबी न घालता दोन-दोन किलोच्या पाकिटांत. लागेल तेव्हा पाकीट रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर नाही, आणि सकाळी अर्धवट सुटलेलं असतानाच ताजी चरबी घालून दळा, वेगळं फ्रीझरमध्ये गारठवायलाही नको. पॅटी करून ठेवायच्या असतील तर मधे मेणकागद घालून आधी ताटात सुट्या गोठवा, कडक झाल्या की मग पिशवीत भरा, म्हणजे दोन हव्या असताना आठ सोडवत बसायला नको.